पांढऱ्यावर काळे : टायरच्या रंगाची गोष्ट

२०१९च्या फेब्रुवारीत मी एक जुनी गाडी घेतली. २०१२चं मॉडेल, एकाच मालकाची, आणि मीटरवरचा आकडा विश्वास बसणार नाही इतका कमी. पुण्याच्या हद्दीबाहेर जुन्या गाड्यांचे जे लांबलचक वाडे आहेत, त्यांतल्या एकात ती उभी होती. पहिल्यांदा नजरेत भरले ते तिचे टायर. पिकलेल्या जांभळासारखे काळेभोर, ओलसर चमकणारे. मी वाकून खाचांची खोली बघितली. पन्नाशीतला सुशिक्षित माणूस जुनी गाडी घेताना आपल्यालाही थोडं कळतं असं दाखवायला जे करतो, तेच. खाचा भरपूर खोल होत्या. "टायर बघायचं कामच नाही सर, नव्यासारखे आहेत," विक्रेता म्हणाला. 'नवे आहेत' असं तो म्हणाला नव्हता, हे मला नंतर लक्षात आलं.

मे महिन्यात कोल्हापूरला लग्नाला निघालो होतो. मागच्या सीटवर आई आणि मुलगी. शिरवळच्या अलीकडे, भर दुपारी, मागचा डावा टायर फुटला. गाडी उजवीकडे खेचली गेली, शेजारच्या ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला, आणि मी कसा कोण जाणे कडेला येऊन थांबलो. कुणाला खरचटलंही नाही. आईने मात्र लग्नात कुणालाही सांगायचं नाही अशी तंबी दिली आणि स्वतःच सगळ्यांना सांगितलं.

महाराष्ट्रातल्या महामार्गांवर पंक्चरवाला पुष्कळदा केरळचा असतो. हाही होता. त्याने उरलेले तीन टायर न सांगता तपासले. पेट्रोलमध्ये भिजवलेलं फडकं एका टायरच्या कडेवरून दाबून फिरवलं. चमक फडक्यावर आली आणि खाली नदीच्या कोरड्या पात्रासारख्या भेगा दिसल्या. मग त्याने रिमजवळचे चार आकडे बोटाने दाखवले : ३८११. म्हणजे २०११ सालचा अडतिसावा आठवडा. "साब, ये टायर नहीं, पापड है." त्याचे आजोबा कोट्टायमकडे रबराच्या झाडांना चीक काढायला जात, हे त्याने चौथा टायर बसवता बसवता सांगितलं.

त्या दिवसापासून मला टायरच्या काळेपणाचा संशय येऊ लागला. पुढच्या दसऱ्याला गाडी धुताना टायर पॉलिश आणायला दुकानात गेलो तेव्हा काउंटरवर तीन बाटल्या मांडल्या गेल्या : एक पारदर्शक आणि तेलकट, एक दुधासारखी पांढरी, एक फवाऱ्याची. कुठली घेऊ, असं विचारलं तर दुकानदार म्हणाला, "चमक किती पाहिजे त्यावर आहे." मला चमक नको होती. आपण नेमकं काय काळं करतोय आणि ते काळं राहत का नाही, हे कळायला हवं होतं. ते शोधायला गेलो आणि बराच लांब गेलो.

टायर मुळात काळा नव्हता. रबराच्या झाडाचा चीक दुधासारखा पांढरा, वाळला की पिवळट. मोटारींच्या अगदी सुरुवातीच्या फोटोंत चाकं पांढुरकी किंवा राखाडी दिसतात, तो फोटो जुना असल्याचा दोष नव्हे. मिशेलिन कंपनीचा तो वळ्यावळ्यांचा गुबगुबीत माणूस १८९८ साली जन्मला. तो टायरांच्या चवडीचा बनलेला असूनही पांढरा का, हे कोडं वाटत असेल, तर उत्तर इतकंच आहे : तेव्हा टायर फिकट असत. टायर काळे झाले, माणूस पांढरा राहिला.

आणि त्याही आधी रबर हे एक चंचल प्रकरण होतं. उन्हाळ्यात चिकट, वास मारणारं, थंडीत दगडासारखं. चार्ल्स गुडइयर या कर्जबाजारी अमेरिकन माणसाने १८३९ साली, मॅसॅच्युसेट्समधल्या वोबर्न गावी, रबरात गंधक मिसळून ते तापवलं आणि ते वितळण्याऐवजी चामड्यासारखं चिवट झालं हे त्याने पाहिलं. रबराचे लांबच लांब रेणू गंधकाच्या पुलांनी एकमेकांना बांधले जातात, म्हणून ते ताणलं तरी मूळ आकाराला परत येतं. पेटंट मिळालं १८४४मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडात थॉमस हॅनकॉकने तेच पेटंट घेतलं. गुडइयर १८६० साली वारला तेव्हा त्याच्या डोक्यावर सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज होतं. त्याच्या नावाची टायर कंपनी निघाली १८९८ साली, ॲक्रन शहरात, आणि तिचा त्याच्या कुटुंबाशी काही संबंध नव्हता. नुसतं आदराने नाव दिलं.

१८८८ साली बेलफास्टमध्ये जॉन डनलॉपने मुलाच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं. तसं टायर आधीच, १८४५ साली, रॉबर्ट थॉमसनने पेटंट केलं होतं. पण तेव्हा ते लावायला सायकली नव्हत्या. आता होत्या. आणि पाठोपाठ मोटारी आल्या. जगाला अचानक रबर हवं झालं.

इथे मला जरा थांबायला हवं, कारण टायरच्या इतिहासातला खरा काळा भाग हा आहे, आणि तेव्हा टायर पांढरे होते. १८८५ ते १९०८ काँगो हा देश बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खाजगी मालमत्ता होता. तिथल्या जंगलात रबराच्या वेली होत्या. गावागावाला रबराचा कोटा ठरवून दिला जाई. तो भरला नाही तर बायकांना ओलीस ठेवत, गावं जाळत. सैनिकांनी काडतूस वाया घालवलेलं नाही याचा पुरावा म्हणून मारलेल्या माणसाचा उजवा हात तोडून आणायचा, अशी रीत पडली. आणि मग काडतूस दुसरीकडेच खर्च झालं असेल तर जिवंत माणसाचाही हात चाले. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईने काढलेले फोटो आणि ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट याचा १९०४चा अहवाल यांनी हे जगासमोर आणलं. १९०८ साली बेल्जियमने तो देश राजाकडून काढून घेतला. हॅरिसच्या त्या फोटोंपैकी एकात एक बाप आपल्या लहान मुलीच्या तोडलेल्या हातापायाकडे बघत बसला आहे. टायर पॉलिशच्या बाटलीपासून सुरू झालेलं माझं वाचन तिथे काही दिवस अडकलं.

रानातल्या वेलींची ही लूट थांबली, त्यात माणुसकीचा वाटा होता तसा मळ्यांचाही होता. १८७६ साली हेन्री विकहॅमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. रुजल्या फार थोड्या, पण तेवढ्या पुरल्या. रोपं श्रीलंकेला गेली, मग मलायाला. आपल्याकडची पहिली व्यापारी लागवड १९०२ साली केरळात, पेरियार नदीकाठी तट्टेकाड इथे झाली. पंक्चरवाल्याच्या आजोबांच्या हातातला तो वाकडा चाकू असा आला.

आता काळ्या रंगाकडे.

पांढऱ्या टायरात झिंक ऑक्साईड घालत. त्याने रबराला थोडा कणखरपणा येई आणि रंग आणखी पांढरा होई. पण टायर लवकर झिजत. १९०४ साली लंडनच्या सिल्व्हरटाऊन भागात, इंडिया रबर, गटा पर्चा अँड टेलिग्राफ वर्क्स या लांबलचक नावाच्या कंपनीत, एस. सी. मोट यांना आढळलं की रबरात कार्बन ब्लॅक घातलं तर ते कमालीचं टिकाऊ होतं. ही कंपनी समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबली बनवणारी. कार्बन ब्लॅक म्हणजे काय? काजळ. वायू किंवा तेल अपुऱ्या हवेत जाळायचं आणि धरलेली काजळी खरवडून घ्यायची. समईवर तांब्याची ताटली धरून आजी डोळ्यांत घालायला जे करायची, आणि पोथ्या लिहिणारे शाईसाठी जे करायचे, तेच अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या हजारो ज्योतींवर लोखंडी पत्रे धरून होत होतं. पांढऱ्यावर काळं करण्याचा उद्योग असा लेखणीतून चाकापर्यंत पोचला.

हा शोध ॲक्रनच्या डायमंड रबर कंपनीने उचलला. ती १९१२ साली गुडरिच कंपनीत विलीन झाली, आणि गुडरिचने आपल्या टायरला 'सिल्व्हरटाऊन' हे नावच दिलं. त्यांना काजळी पुरवणारी कंपनी होती बिनी अँड स्मिथ. हीच मंडळी १९०३पासून मुलांसाठी क्रेयोला नावाचे रंगीत खडू विकत होती. एका दुकानात सगळे रंग आणि सगळं काळं!

काजळीचे कण अतिशय बारीक असतात, रबराच्या रेणूंना ते घट्ट चिकटतात आणि रस्त्याचं घर्षण सोसतात. शिवाय ते सूर्याचे अतिनील किरण शोषून घेतात, म्हणजे रबराला सावली देतात. टायरचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. झिंक ऑक्साईड गेलं नाही, गंधकाचं काम सोपं करायला थोडंसं राहिलं. सुरुवातीला काजळी महाग म्हणून फक्त रस्त्याला टेकणारा भाग काळा आणि कडा पांढऱ्या, असे टायर निघत. पुढे सगळेच काळे झाले तेव्हा गंमत अशी झाली की पांढरी कड ही श्रीमंतीची खूण ठरली. काटकसरीचा उरलेला भाग चैनीचा झाला. १९९२ साली मिशेलिनने काजळीच्या बऱ्याच हिश्श्याऐवजी सिलिका वापरलेले टायर आणले. तेव्हापासून टायर काळाच असायला हवा ही सक्ती बरीच सैल झाली आहे. पण निळा टायर घेणार कोण? डोळ्याला सवय झाली.

मग काळा टायर तपकिरी का पडतो? ही धूळ, असं मी आयुष्यभर समजत होतो. तसं नाही.

१९४३च्या जुलैत लॉस एंजेलिसवर असं धुकं उतरलं की लोकांना जपान्यांनी विषारी वायू सोडला असं वाटलं. डोळे चुरचुरत, घसे धरत. पिकांची पानं करपत. आणि एक गोष्ट टायरवाल्यांच्या लक्षात आली : इथले टायर इतर गावांपेक्षा लवकर तडकतात. कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचा डच रसायनशास्त्रज्ञ होता. अननसाला चव कशाने येते यावर त्याचं काम चाललं होतं. त्याने ते बाजूला ठेवलं आणि शहराची हवा तपासायला घेतली. गाड्यांचा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांचा धूर उन्हात शिजून ओझोन तयार होतो, हे त्याने दाखवलं. १९५२ साली त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. ओझोन मोजायला त्याने वापरलं काय? रबराच्या वाकवून बांधलेल्या पट्ट्या. पट्टीला तडे किती वेळात आणि किती खोल जातात, यावरून हवा किती वाईट ते कळे. तेल कंपन्या त्याचं म्हणणं मानायला तयार नव्हत्या, पण रबर तडकत होतं.

ओझोन रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो, आणि रबर ताणलेलं असेल तरच तडा उघडतो. टायरची कड तर सदाच ताणलेली. लष्कराचे ट्रक गोदामात नुसते उभे असताना तडकत होते, म्हणून अमेरिकी लष्कराच्या रॉक आयलंड आर्सेनलमधल्या प्रयोगशाळेनेही हा प्रश्न हाती घेतला. १९५०च्या दशकात उपाय सापडला : पॅराफिनिलीनडायअमीन या कुळातली रसायनं. पुढच्या दशकापासून त्यांतलं ६पीपीडी हे सर्रास वापरात आलं आणि आजही जवळपास प्रत्येक टायरमध्ये आहे. ते रबरात मिसळून ठेवलेलं असतं आणि हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत येतं. ओझोन आला की रबराच्या आधी हे पुढे होतं आणि स्वतः संपतं. सोबत मेण असतं, तेही वर येऊन पातळ थर धरतं. टायरवरचा तपकिरी रंग मुख्यतः या खर्च झालेल्या औषधाचा. म्हणजे तपकिरी टायर हा आजारी टायर नव्हे, औषध लागू पडत असलेला टायर.

माझ्या गाडीचं मर्म इथे होतं. चाक फिरतं, रबर दबतं-ताणतं, तेव्हा मेण आणि ६पीपीडी वर येत राहतं. गाडी वर्षानुवर्षं अंगणात उभी राहिली तर वरचा साठा संपतो आणि आतला पुरेसा वर येत नाही. विक्रेत्याने मीटरबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. गाडी पळालीच नव्हती, म्हणून खाचा खोल होत्या, आणि म्हणूनच कडा तडकल्या होत्या. वरून फक्त एक बाटली ओतायचं काम उरलं होतं.

त्या बाटलीचाही इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धात डाऊ कॉर्निंग कंपनीचं सिलिकॉन ग्रीस विमानांच्या इंजिनातल्या विजेच्या तारा वाचवायला वापरलं गेलं. युद्धानंतर तेच सिलिकॉन टायर कारखान्यात साच्याला टायर चिकटू नये म्हणून लावू लागले. १९६२ साली कॅलिफोर्नियात जो पाल्चर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने मोटारीतलं रबर, प्लॅस्टिक तडकू नये म्हणून सिलिकॉनचं एक मिश्रण बनवलं. त्याचं नाव 'ट्रिड-ऑन', उलट वाचलं तर 'नो डर्ट'! दहा वर्षांनी ते दुसऱ्याने विकत घेऊन 'आर्मर ऑल' या नावाने विकलं आणि घराघरात पोचवलं.

आपल्याकडे तोवर डिझेल होतं. लहानपणी सर्व्हिसिंगहून आलेल्या गाडीचे टायर काळे कुळकुळीत असत आणि दोन दिवस रॉकेलसारखा वास येई. गॅरेजमधला पोरगा ब्रशने डिझेल किंवा इंजिनातलं काढलेलं जुनं तेल फासायचा. बघायला झकास. पण खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं, आतलं मेण आणि औषध विरघळून निघतं. म्हणजे आपण टायरला चमकवायचो आणि त्याचं कवच काढून घ्यायचो. पारदर्शक तेलकट बाटलीत बहुधा सिलिकॉनच असतं, आणि सिलिकॉन स्वतः निरुपद्रवी. पण ते ज्या द्रावकात विरघळवलेलं असतं ते पेट्रोलियमचं असेल तर डिझेलचाच सभ्य चुलतभाऊ. शिवाय ते चाक फिरलं की उडून दारांवर ठिपके पाडतं. गाडीच्या रंगकाम करणाऱ्याला सिलिकॉनचं नाव काढा, तो कपाळाला हात लावेल : पत्र्यावर त्याचा अंश राहिला तर नव्या रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात. ग्लिसरीनवाली घरगुती मिश्रणं निरुपद्रवी असतात, पण पहिल्या पावसात जातात.

म्हणून मी दुधाळ बाटली घेतली. पाण्यात सिलिकॉनचे बारीक थेंब घोटलेले असतात म्हणून ती पांढरी दिसते, अगदी चिकासारखी. काळं करायला पांढरं दूध. लावायची रीत कंटाळवाणी आहे : आधी साबण आणि ताठ ब्रशने तपकिरी थर घासून काढायचा, टायर पूर्ण वाळू द्यायचा, स्पंजवर थोडंच घेऊन फक्त कडेला लावायचं, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जादा पुसायचं. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर थेंबही नको, आणि मोटरसायकलच्या टायरला तर हे लावूच नये. वळणावर ती कडेच्या भागावरच झुकते. चमक येत नाही, नुसता नव्या टायरसारखा मंद काळेपणा येतो. दुकानदाराला हे फारसं पटलं नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण २०२० उजाडलं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटलच्या आसपास शहरी ओढ्यांत कोहो जातीचे सामन मासे अंडी घालायला परततात आणि पाऊस पडला की काही तासांत गोल गोल फिरून, तोंड वासून मरतात. वर्षानुवर्षं कारण कळत नव्हतं. तिथल्या संशोधकांनी टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्यात दोन हजारांवर रसायनं शोधली आणि एकेक वगळत त्या वर्षीच्या डिसेंबरात एकावर बोट ठेवलं : ६पीपीडी-क्विनोन. आपलं ते औषध ओझोनशी लढून मरतं तेव्हा त्याचं जे होतं, ते. लिटरभर पाण्यात एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असलं तरी कोहो मरतो. त्याच्या काही भाईबंद माशांना मात्र तेवढ्याने काही होत नाही.

पर्याय शोधणं चालू आहे, आणि सोपं नाही. टायरात ते घातलं नाही तर टायर तडकतील आणि कुणीतरी शिरवळच्या अलीकडे फुटेल.

मी रविवारी टायर घासतो तेव्हा ब्रशखालचा फेस चहासारखा तपकिरी होतो. पूर्वी तो फरशीवरून वाहत सोसायटीच्या गटारात जायचा, आणि ते गटार कुठे जातं ते पुण्यात राहणाऱ्याला सांगायला नको. आता मी बादली ठेवतो आणि ते पाणी मागच्या मातीच्या तुकड्यात ओततो, जिथे काहीच उगवत नाही. हे बरोबर करतोय का, मला माहीत नाही. मुलगी म्हणते, बाबा, मग धूच नका ना. तिचं ऐकून आता दोन महिन्यांतून एकदाच धुतो. धुताना आधी रिमजवळचा आकडा वाचतो. सध्याचे टायर २२१९.

परवा त्यांना सहा वर्षं होतील. कड काळी दिसते. बोट दाबून फिरवलं, मग चष्मा लावून पुन्हा बघितलं. पुढच्या उजव्या चाकावर, झडपेच्या बाजूला, दोन केसाएवढ्या रेषा आहेत.